तारा आणि मिसरी

माझ्या दातांना तारा बसल्या त्या मला हव्या होत्या म्हणून नाही. समोरचे दात पुढे होते आणि आलेली स्थळं परत जात होती. एका पाहुण्याने तोंडावर सांगितलं, तेव्हा घरच्यांनी मला धरणगावहून जळगावला दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं.

बाईंनी तारा बसवल्या आणि प्लॅस्टिकची एक बोथट सुई हातात दिली. तिच्यात दोरा ओवायचा, तारेखालून काढायचा आणि प्रत्येक फटीत हिरडीपर्यंत हळूच फिरवायचा, तोही रोज. नाहीतर अडकलेल्या अन्नाने हिरड्या सुजतात. सुरुवातीला थोडं रक्त येईल, म्हणून थांबायचं नाही, असं त्यांनी आईसमोर बजावलं. आईने मान डोलावली. मान डोलावण्यात आईचा हात कोणी धरणार नाही.

दुसऱ्याच दिवशी मोरीत रक्त दिसलं आणि घर डोक्यावर घेतलं गेलं. वडिलांची थोरली बहीण, माझी आत्या, ओट्यावर मिसरी घासत बसली होती. तिने दोरा हिसकावून घेतला. "रगत निंघी ऱ्हायनं नि तू दोरा घालस? मिसरी लाव. आमनं बठ्ठं आयुष्य मिसरीवर गयं." आमच्याकडे बायकांचा दात दुखो की हिरडी, उपाय एकच, भाजून कुटलेली तंबाखू. मी नाही म्हटलं तर शहाणी झाली म्हणून टोमणे. दोरा परत मिळाला नाही. मिसरी मात्र रोज सकाळी तळहातावर यायची, आणि लावली की नाही हे आत्या तोंड उघडायला लावून बघायची.

रक्त खरंच थांबलं. आत्या गल्लीभर सांगत सुटली. पुढे कापसाच्या वेचणीत मला जळगावला न्यायला कोणाला सवड झाली नाही.

शेवटी वर्षभराने गेलो तेव्हा समोरचा एक दात हलत होता. बाई म्हणाल्या, तंबाखूने रक्त तेवढं दबलं, आतला आजार वाढतच राहिला आणि दाताखालचं हाड झिजलं. दात काढावा लागला. मला इतका राग आला होता की परतीच्या बसमध्ये मी आईला सोडून दुसऱ्या बाकावर जाऊन बसले.

आत्याने माझं तोंड उघडून पाहिलं. "लगीनलोंग टिकाले पाहिजे व्हता," ती म्हणाली. लग्नापर्यंत टिकला असता, तर तिची काही तक्रार नव्हती. मी आईकडे पाहिलं. आई म्हणाली, "तोंड झाक, शेजारीण येतेय."