गार पडलेली विहीर

सकाळचे सहा वाजून चाळीस मिनिटं झाली होती. विहिरीच्या कठड्याला पोट टेकून ती वाकली होती आणि तापमापकाची केबल हातभर हातभर आत सोडत होती. टोकाला पाणी लागलं, तसा तिने आकडा पाहिला. अकरा अंश. इथे यायच्या आधी तिने नदीचं पाणी मोजलं होतं, ते नऊ होतं.

या विहिरीचं पाणी बारा महिने एकोणीसच्या आसपास असायचं. म्हणून तर उन्हाळ्यात ते गार लागायचं आणि थंडीत कोमट. लहानपणी कडाक्याच्या थंडीत ती आणि तिचा भाऊ इथल्या नळाखाली हात धरून उभे राहायचे, ते आई हाका मारून थकेपर्यंत. विहिरीतून वाफ निघायची. आज वाफ नव्हती.

"उरक लवकर," मागून बाबा म्हणाले. "सातला पंप लावायचाय. तुझ्या मोजमापापायी वस्ती कोरडी ठेवू का?"

त्यांच्या स्वेटरच्या खिशात पंपघराची किल्ली होती. बाबा अठ्ठ्याहत्तर वर्षांचे. वस्तीच्या विहीर समितीचे ते अध्यक्ष, पण अध्यक्ष त्यांना कोणी म्हणत नाही. सगळे म्हणतात गाळवाले काका.

हे नाव त्यांनी कमावलं होतं. नदी दर एक-दोन वर्षांनी वस्तीत शिरायची. एका पुरात अंथरुणाला खिळलेल्या आईला शेजाऱ्यांनी खाटेसकट वरच्या मजल्यावर नेलं. त्या वर्षअखेर आई गेली, पुराने नव्हे, आजाराने. पण बाबांच्या हिशोबी दोन्ही एकच. त्यानंतर त्यांनी एकच धोशा लावला: नदीतला गाळ काढा, पात्र खोल करा. नऊ वर्षं त्यांनी कचेऱ्यांच्या पायऱ्या झिजवल्या. कारकून त्यांना लांबून येताना पाहून चहाला उठायचे. शेवटी गेल्या उन्हाळ्यात यंत्रं आली आणि दोन महिन्यांत वस्तीसमोरचं पात्र खरवडून निघालं. त्या वर्षीचं पुराचं पाणी पायरीशी येऊन परत गेलं. बाबांना हार घातला गेला. तो वाळका हार अजून दाराच्या खिळ्याला लटकतो आहे.

ती सेहेचाळीस वर्षांची आहे, गावाच्या दुसऱ्या टोकाला एकटी राहते आणि पाणी खात्यात काम करते. तळमजल्यावर झेरॉक्स मशीनच्या मागे तिचं टेबल. नदीचं पाणी जमिनीत किती मुरतं, जमिनीतलं नदीत किती उतरतं आणि त्याबरोबर कोणती घाण कुठे पोचते, याचा ती संगणकावर अंदाज बांधते. पडद्यावर सगळा नदीकाठ बारीक चौकटींत कापलेला असतो. प्रत्येक चौकटीला मातीचा प्रकार आणि पाण्याची पातळी दिलेली. नदीच्या तळाला मात्र वेगळा आकडा लागतो: हा तळ पाणी किती सहज सोडतो. भाऊ फोनवर विचारतो, "काय गं, चौकटी भरल्या का सगळ्या?" जणू ती शब्दकोडं सोडवते आहे.

महिन्यापूर्वी एका रविवारी ती जेवायला आली असताना बाबा सहज म्हणाले होते, "विहिरीला नवं पाणी लागलंय. पातळी हातभर चढलीय. आणि गार तर इतकं, की दात शिवशिवतात. गाळ काढल्याचा गुण, दुसरं काय!"

जेवण उरकून ती विहिरीत डोकावून आली होती.

दुसऱ्या दिवशी तिने नदीकाठची आपली जुनी आकडेमोड उघडली. चौकटी, माती, पंपाचे तास, सगळं तसंच ठेवलं. बदलला फक्त वस्तीसमोरच्या तळाचा आकडा. पाचपट केला, दहापट केला. वीसपट केल्यावर पडद्यावरची विहीर बाबा म्हणाले तशी हातभर चढली आणि गारही झाली. मग उत्तर डोळ्यांसमोरच होतं. नदीच्या तळाशी तो काळा, घाणेरडा थर वर्षानुवर्षं सायीसारखा धरला होता. नदी विहिरीत झिरपायची, पण त्या सायीतून, दोन महिने घेत. तेवढ्या वेळात जंतू वाटेतच मरायचे. आता साय काढली गेली होती आणि तेच पाणी आठवड्याभरात, नदीसारखंच गार, विहिरीत येत होतं. सध्या नदीला पाणी भरपूर होतं, म्हणून निभावत होतं. उन्हाळ्यात वरच्या गावाचं सांडपाणी हीच अर्धी नदी असते. विहिरीच्या पाण्यात औषध टाकायची पद्धत नव्हती. कधी गरजच पडली नव्हती.

सकाळचा आकडा घेऊन ती दहा वाजता खात्याच्या साहेबांसमोर बसली. साहेब माणूस वाईट नाही. त्यांनी कागद दोनदा वाचला.

"प्रयोगशाळेत दिलेली पाण्याची बाटली काय म्हणते?"

"स्वच्छ. आत्ता तरी."

"मग स्वच्छ बाटलीवर विहीर बंद कशी करू, बाई? उद्या लोक मोर्चा आणतील, आणि पुढे तुमचेच वडील असतील."

"असतील."

"उन्हाळ्यात बाटली घाण आली की त्याच दिवशी सही करतो. शब्द आहे माझा."

"तोवर लोकांनी ते पाणी प्यायलेलं असेल, साहेब."

साहेबांनी खिडकीकडे पाहिलं. मग म्हणाले, "समितीने आपणहून पंप बंद केला, तर टँकर मी माझ्या अधिकारात देतो. त्याला बाटली लागत नाही."

समिती म्हणजे बाबा.

दुपारी ती वस्तीतल्या घरी आली, तेव्हा बाबा स्वयंपाकघरात भांडी विसळत होते. नळ विहिरीचाच. तिने उभ्या उभ्या सगळं सांगितलं, काही न गाळता. बाबांनी पातेलं पालथं घातलं, हात पुसले.

"कॉम्प्युटरने सांगितलं?"

"कॉम्प्युटरने आणि तुम्ही. दात शिवशिवतात म्हणालात ते."

"मी कौतुकाने बोललो होतो."

"माहीत आहे."

"नऊ वर्षं, पोरी. नऊ वर्षं तू याच खात्यात होतीस. तेव्हा का नाही बोललीस?"

"आमच्याकडून पुरापुरतं काम मागितलं होतं. विहिरीचं कोणी विचारलं नाही. मलाही सुचलं नाही."

"सुचलं नाही," बाबा म्हणाले. खुर्ची ओढून बसले. "गाळ परत टाकता येतो का?"

"नाही. नदीच धरेल हळूहळू. सात-आठ वर्षं लागतील. आणि तोवर पुन्हा काढायचा नाही."

"म्हणजे पूर घ्या, नाहीतर घाण घ्या."

तिने विसळलेलं पातेलं फळीवर ठेवलं.

"सात-आठ वर्षं," बाबा पुन्हा म्हणाले. त्यांनी मनात काय बेरीज केली ते तिला कळलं.

पंप संध्याकाळी सहाला पुन्हा अर्धा तास चालतो. लोक कॅन घेऊन ओळीत उभे होते. बाबांनी पंपघराचं दार उघडलं, मुख्य खटका खाली ओढला, बाहेर येऊन कुलूप घातलं आणि दोनदा ओढून पाहिलं.

"आजपासून बंद," ते म्हणाले. "नदीचं पाणी विहिरीत उतरतंय. पिऊ नका. घरात भरलेलं असेल ते उकळून घ्या."

"अहो, एवढी भरलीय की विहीर!" समोरच्या काकू म्हणाल्या. "आणि नदीचं पाणी आजच कसं उतरायला लागलं?"

"आज नाही. गाळ काढला तेव्हापासून."

ओळीत काहींनी कॅन खाली ठेवले. मग मागून एक तरुण आवाज आला, "म्हणजे काका, तुम्हीच..."

"मीच," बाबा म्हणाले.

काकूंनी रिकामा कॅन उचलला. "बापाने खणायचं आणि लेकीने कुलूप घालायला लावायचं. छान चाललंय तुमच्या घराचं," एवढं बोलून त्या निघाल्या. त्यांच्या घरात चार महिन्यांची नात आहे; त्या दारापर्यंत पोचण्याआधी वळल्या आणि किती वेळ उकळायचं ते विचारून गेल्या. बाकीचे न विचारता पांगले.

तिने साहेबांना फोन लावला. बाबा पायरीवर बसून ऐकत होते. तिने फोन ठेवल्यावर त्यांनी किल्ली तिच्या हातात दिली.

"खात्यात जमा कर. माझ्याकडे राहिली तर कोणीतरी मागेल, आणि मी देईन."

दारावरचा वाळका हार त्यांनी काढला नाही, कोणी काढायलाही सांगितला नाही.

उद्या सातला पंप सुरू होणार नाही. पावणेसातला टँकर वस्तीच्या तोंडाशी येईल, घरटी दोन कॅन पाणी मिळेल, आणि ओळ लावायचं काम गाळवाल्या काकांकडे आहे.