लालासाहेबाच्या पानाशेजारी

पसरणीच्या घाटात निम्म्या वाटेवर आलो तेव्हा धोंडुबाईनं विचारलं, “बाई, तुमच्या त्या पंचायतीत पंच कोन कोन हायेत?”

मला धाप लागली होती. ती खांद्यावर काळं घोंगडं टाकून, काठी टेकत, सपाटीवरून चालावी तशी चालली होती. मी म्हटलं, “पंचायत नाही हो, परिषद आहे. निरनिराळ्या धर्मांची माणसं जमलीत पाचगणीला. काही समुद्रापलीकडून आलीत.”

“म्हंजे समद्या देवांकडची शानी माणसं. मग आनी पंचायत कशाला म्हंत्यात?”

मी पुन्हा समजावलं. तिनं ऐकून घेतलं, मान हलवली आणि आपली समजूत होती तीच ठेवली.

हे एकोणीसशे एकोणपन्नास सालच्या सुरुवातीचं. धोंडुबाई म्हसवडकडची धनगरीण. पावसाळा सरला की कळप घेऊन ती वाईकडे यायची. माझ्या भावाच्या रानात खतासाठी तिची मेंढरं बसत. नवरा असाच एकदा वाटेत तापानं गेला, तेव्हापासून कळप तीच हाकत होती. मी वाईला मुलींच्या शाळेत शिकवत होते आणि सुट्टीला विष्णुपंतांच्या मंडळाचं काम करत होते. विष्णुपंत निवृत्त हेडमास्तर. देशोदेशींच्या सगळ्या धर्मांच्या लोकांनी एकमेकांच्या अडीअडचणीला धावून जावं, अशी चळवळ जगभर उभी करायची, हा त्यांचा ध्यास. आलेल्या पाहुण्यांचं इंग्रजी मराठीत आणि मराठी इंग्रजीत करायला त्यांनी मला बोलावलं होतं. धोंडुबाईला हे कळलं आणि ती बरोबर निघाली.

तिचं गाऱ्हाणं मला पाठ झालं होतं. तिच्या गावात बिरोबाच्या जत्रेला बकऱ्यावर सुरी फिरवायची ती गावच्या मुसलमान मुलाण्यानंच. त्याशिवाय गावातला धनगर ते मटण तोंडात घालत नसे. पहिलं बकरं धोंडुबाईच्या घरचं, सुरी लालासाहेब मुलाण्याची, आणि मग त्यानं सगळ्यांबरोबर पंगतीला बसायचं. मागच्या भाद्रपदात हैदराबादकडच्या रझाकारांच्या बातम्या आल्या, गावातली डोकी फिरली आणि लालासाहेबाला बायकामुलांसह घालवून दिलं. तो रहिमतपूरला मेव्हण्याकडे राहत होता. धोंडुबाईचा दीर बिराप्पा गावचा पुढारी. तो म्हणाला, यंदा सुरी आपली आपण फिरवू.

“मी म्हनलं, लालासाहेब न्हाई तर माझं बकरं न्हाई. तर मला म्हंतो, वाळीत टाकीन.” धोंडुबाई वळणावर थांबली. “म्हनलं, टाक की. आठ म्हैनं मी रानातच असती. वाळीत पडल्याचं मला कळंल तरी कवा?”

पाचगणीला एका पारशी गृहस्थाच्या बंगल्यात बैठक होती. विलायतेच्या एक मिसबाई, सिलोनचे भिक्षू, साताऱ्याचे मौलवीसाहेब, आणखी काही जण. ठरावाच्या पहिल्या वाक्यावर सकाळपासून खल चालला होता. धोंडुबाईला पाहून विष्णुपंत खूश झाले. म्हणाले, “बाई, तुमच्या बिरोबाची एखादी ओवी म्हणा. पाहुण्यांना नमुना मिळेल.”

“देवाचं गानं नमुन्याला म्हनत न्हाईत,” ती म्हणाली. खांद्यावरचं घोंगडं काढलं, बैठकीच्या मधोमध अंथरलं आणि वर बसली. “मी निवाडा मागाया आलीया.”

तिच्या लोकांत निवाडा मागणारा असा घोंगडं टाकून बसतो. निवाडा होईतो पाणी घेत नाही. मी ते सगळ्यांना सांगितलं, तिचं गाऱ्हाणंही सांगितलं. चहा आला, तिनं कप बाजूला सारला.

विष्णुपंत गोंधळले. “आम्ही ठराव करतो, बाई. निवाड्याचा आम्हाला अधिकार नाही.”

“मग एवढ्या लांबनं कशाला आलासा? पानसुपारीला?”

मौलवीसाहेब मोठ्यानं हसले. विष्णुपंत हसले नाहीत. “आम्हाला जगाचं काम करायचंय. त्याची सुरुवात एका गावच्या भांडणानं करायची का?”

“मग कुटनं करनार? जग काय माझ्या गावाच्या पल्याड सुरू हुतंय व्हय?”

मिसबाईंनी मला विचारलं, हिचं नेमकं म्हणणं काय. मी विचारलं.

“चैतात जत्रंला या म्हनावं. पंगतीला बसा. लालासाहेब सुरी फिरवंल, आन् त्याच्या वळीला तुमची पानं मांडली जात्याल. बास.”

मौलवीसाहेब म्हणाले, “मी पंगतीला येत नाही, आजी. लोक म्हणतील, मुलाण्यानं साताऱ्याहून माणसं आणली. राग त्याच्यावरच निघेल. पण रहिमतपूरहून त्याला गावच्या शिवेपर्यंत मी आणतो.”

“त्ये बराबर बोललासा,” ती म्हणाली. पण उठली नाही.

मग मिसबाई म्हणाल्या, मी जाईन. भिक्षूंनी सांगितलं, मी तिथं जेवणार नाही, पण शेजारी बसेन. विष्णुपंत घोंगड्याकडे पाहत राहिले होते. शेवटी त्यांनी ठरावाचा कागद घडी करून खिशात घातला. “हे वाक्य चैत्रानंतर लिहू,” ते म्हणाले. “पाणी घ्या आता.”

तिनं घोंगडं झटकलं, खांद्यावर टाकलं आणि तांब्या तोंडाला लावला.

घाट उतरताना मी तिला म्हटलं, “झालं ना मनासारखं?”

“निम्मं.” ती पुढे चालत राहिली. “मिसबाईंचं काय, बिराप्पा म्हनंल, गोऱ्यास्नी जात न्हाई, त्या कुटंबी जेवत्यात. भिकू महाराज बैरागी मानूस, त्यास्नी घर न्हाई ना दार. आन् ही माणसं जत्रा उठली की जात्याल. लालासाहेबाला तितंच ऱ्हायाचं हाय.”

“मग?”

“तुमचं घर वाईचं. भटाबामनाचं. तुमच्या भावाच्या रानात आमच्या गावची समदी मेंढरं बसत्यात. तुमी जेवलासा तर बिराप्पाला नाव ठिवता यायचं न्हाई.”

घरी आईचं सोवळं, देवघर, माझे सोमवार. तिला ते सगळं ठाऊक होतं. भाकरी मागायला ती आमच्या मागच्या दारानंच यायची.

“मटनाला हात लावू नका. मी म्हननार न्हाई. भाकरी माझ्या चुलीवरची, वर निसतं मीठ.” एका वळणावर ती थांबली आणि पहिल्यांदाच मला नावानं हाक मारली. “चारुशीला, पर पान तुजं लालासाहेबाच्या पानाला लागून मांडू दे. आन् बिराप्पा समोर असंल तवाच पयला घास घे.”