पवळीला पसंत पडलेलं उटणं

आमच्या जावईबापूंना त्यांच्या पहिल्या दिवाळसणात आमच्या गाईनं चाटून काढलं, त्यात गाईचा काडीचाही दोष नव्हता. दोष माझा होता. आणि थोडासा माझ्या धाकट्या जावेचा, कारण तिची कांती फारच नितळ होती.

मोठ्या दुष्काळाच्या आधीच्या दिवाळीची ही गोष्ट. राहात्याजवळ आमची वस्ती. रानात ऊस, दारात पवळी गाय आणि घरात आम्ही दोघी सुना. मी थोरली, कमल. धाकटी पुष्पा, माहेर नगरचं. लग्न होऊन आली तीच उटण्याची विद्या घेऊन! मसूर डाळ, संत्र्याची वाळवलेली साल, नागरमोथा, आंबेहळद आणि आणखी काय काय जात्यावर दळायची, वस्त्रगाळ करायची आणि पिवळ्या कागदाच्या पाकिटात भरायची. पाकिटावर कमळाच्या फुलाचा जांभळा शिक्का आणि खाली ‘पुष्पा सुगंधी उटणे’. (फूल कमळाचं आणि नाव पुष्पा! माझंच फूल चोरलं की नाही?)

राहात्याच्या बाजारातला वाणी ती पाकिटं मागून मागून नेई. कोपरगावहून बायका निरोप धाडत. सासूबाई, म्हणजे आमच्या आत्याबाई, येईल त्याला सांगत, “धाकलीच्या हाताला लई गुण हाय बगा.” मी चुलीपुढं बसून हे ऐकायची आणि भाकरी करपवायची. खोटं कशाला बोलू, माझा नुसता जळफळाट व्हायचा. पंधरा माणसांचा स्वयंपाक मी रांधायची, त्याला गुण नाही. आणि हिनं डाळ दळली की गुण!

शेवटी मी ठरवलं, आपणही उटणं काढायचं. पहिलं काम म्हणजे राहात्याला जाऊन शिक्का करून आणला: ‘कमल शाही उटणे’. उटण्याचा अजून पत्ता नव्हता, पण शाही हे नक्की होतं.

आत्याबाईंनी शिक्का पाहिला आणि कपाळाला हात लावला.

“एका घरात दोन शिक्के? लोक काय म्हंतील, जावाजावांचं पटत न्हाई!”

“पटतंय की, आत्याबाई,” मी म्हणाले. “फक्त माझं उटणं जास्त चांगलं असणार हाय.”

“मग असं करू. दिवाळसणाला लेकीसंगं जावई येत्यात. त्यांच्या अंगाला दोन्ही लावू. ते ज्याला बरं म्हंतील तेच घरचं उटणं. दुसरा शिक्का चुलीत!”

पुष्पा गोड हसली. “चालंल की, अक्का.” ती हसली की गालाला खळी पडायची. मी त्याच क्षणी शपथ घेतली की चुलीत तिचाच शिक्का जाणार.

आता उटणं करणं आलं. पुष्पाचं उटणं मऊ होतं, म्हणून माझं खरखरीत हवं, म्हणजे मळ निघालेला कळला पाहिजे. पहिल्यांदा मी तांदळाची भरड घातली आणि आमच्या ह्यांच्या दंडावर चोळून पाहिली. मळ निघाला. त्याच्या मागोमाग कातडी पण निघाली. दुसऱ्यांदा गव्हाचा कोंडा घातला. हे दोन दिवस खाजवत हिंडले. तिसऱ्यांदा मी वाटी घेऊन पुढं झाले, तेव्हा ते खाटेपलीकडे जाऊन उभे राहिले.

“अगं, माज्या जिवावर का उठलीस? त्यापरीस साखर घाल! टोचती बी आन् पाण्यात इरघळती बी.”

ते वैतागून बोलले होते. मला मात्र ती आकाशवाणी वाटली! कारखान्यानं सभासदांना दिलेली दिवाळीची साखर आत्याबाईंच्या कुलुपातल्या डब्यात होती. (किल्ली त्यांच्या कमरेला असे. आंघोळीला जाताना मात्र खुंटीला.) करंज्यांची निम्मी साखर उटण्यात गेली. खाजरा कोंडा वाया कशाला घालवायचा, म्हणून तोही बारीक चाळून घातला. डाळीचं पीठ होतंच. एवढं करूनही सगळं भुरभुरीतच राहिलं! अंगाला धरून राहायला हवं, म्हणून गुऱ्हाळातून आणलेल्या काकवीच्या बरणीतली तळची काकवी ओतली. एवढं कालवायला घरात मोठं भांडं मोकळं नव्हतं. फराळाच्या दिवसांत कुठून असणार? म्हणून गोठ्यातलं पवळीचं घमेलं घेतलं. घासून घेतलं हो!

नरकचतुर्दशीला तांबडं फुटायच्या आत अंगणात पाट मांडला, भोवती रांगोळी, बंबात पाणी कढत. जावईबापू केडगावचे, कचेरीत कारकून. अंगानं नाजूक, स्वभावानं त्याहून नाजूक. पंचा नेसून कुडकुडत पाटावर बसले. आमच्या नणंदबाई, सुमन, आरतीचं ताट घेऊन उभ्या. आत्याबाईंनी नियम जाहीर केला, “उजव्या अंगाला धाकलीचं, डाव्या अंगाला थोरलीचं. जिचं उटणं, तिच्या नवऱ्यानं चोळायचं!”

हे डावीकडे बसले, दीर उजवीकडे. उजवीकडून वाळ्याचा मंद वास सुटला. डावीकडे ह्यांचा हात जावईबापूंच्या दंडाला जो चिकटला तो सुटेना.

“दादा, जरा हात काढता का?” जावईबापू अदबीनं म्हणाले.

“काढतोय की! तुमी जरा उजवीकडं वढा.”

तेवढ्यात पाटाच्या डाव्या बाजूनं मुंगळ्यांची रांग आली. रांगोळी ओलांडून, शिस्तीत. जावईबापू आधी हसले, मग वळवळले, मग ओरडले, “चावलं! चावलं!”

“शाही हाय ना, म्हनून चुणचुणतंय,” मी धीर दिला.

आणि तेव्हाच गोठ्यात दावं तुटल्याचा आवाज झाला. पवळीला पहाटेचं आंबोण घालायचं काम माझं. उटण्याच्या नादात मी ते साफ विसरले होते! आणि तेव्हाच डोक्यात प्रकाश पडला, की पवळीच्या आंबोणात मी रोज काय कालवते? कोंडा, डाळीची चुणी आणि वरून काकवी. त्याच घमेल्यात, ह्याच हातांनी! आज फक्त साखर जास्तीची होती, सणाची म्हणून.

पवळी शांतपणे अंगणात आली. तिनं एकदा जावईबापूंकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे पाहिलं (आज वाढायची पद्धत बदललेली दिसते, असा चेहरा करून), आणि डाव्या खांद्यापासून जेवायला सुरुवात केली.

गाईची जीभ कशी असते हे ज्यानं अनुभवलंय त्यालाच ठाऊक. जावईबापू किंचाळले. हे उठायला गेले, पण हात चिकटलेला! दोघं मिळून उठले, रांगोळीवर घसरले, आणि दोघं मिळून बसले. दिरानं शिंग धरलं. सुमननं आरतीचं ताट टाकून माझ्याकडे असं पाहिलं, की आजही आठवलं तर घाम फुटतो. पवळीनं मात्र खांदा संपवून दंड घेतला, दंड संपवून कूस घेतली. मधोमध आल्यावर तिनं पुष्पाच्या उटण्याचा वास घेतला, एक शिंक दिली आणि परत डावीकडे वळली.

खरं सांगू? त्या धुमाळीतही मला आतून बरं वाटलं. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी तिच्यापेक्षा माझं पसंत केलं होतं!

फराळाच्या वेळी आत्याबाईंनी करंजीचं ताट पुढं सरकवत रीतीनं विचारलं, “पाव्हणं, कंचं उटणं बरं वाटलं?”

जावईबापूंची उजवी बाजू घमघमत होती. डावी लालबुंद, पण लख्ख. त्यांनी करंजी तोंडात घातली, थांबले, आणि म्हणाले, “उजवीकडचं छान होतं. डावीकडचं गाईला विचारा. पण आई, करंजीत साखर कमी का हो?”

आत्याबाईंचा हात कमरेच्या किल्लीवर गेला. पुढचं सांगत नाही.

शिक्का मी स्वतःच्या हातानं चुलीत घातला. लाकडी होता, जळताना जांभळा धूर निघाला. उरलेलं घमेलंभर शाही उटणं पवळीनं चार दिवसांत संपवलं. दूध वाढलं, अंग असं तुकतुकीत झालं की शेजारचे थांबून बघायचे. मला वाटलं, आता तरी आत्याबाई म्हणतील, थोरलीच्या हाताला गुण हाय. तर त्या म्हणाल्या, “धाकलीनं काय गाईला बी उटणं लावलं का काय!”

आता आम्ही दोघी म्हाताऱ्या. पुष्पाच्या गालाला अजून खळी पडते, आणि माझा अजून तिळपापड होतो. परवा दिवाळीला नातवंडांसमोर मी तिला ऐकवलंच, “तुझं उटणं लोक लावून धुऊन टाकायचे. माझं शेवटच्या कणापर्यंत चाटून संपलं!”

पुष्पा गोड हसली. “व्हय अक्का. पर माजी गिऱ्हाइकं दुसरं पाकीट मागत हुती. तुमच्या गिऱ्हाइकानं शेण दिलं.”

सगळं घर हसलं. पवळी असती तर तिनं माझी बाजू घेतली असती. डावी.