दुसऱ्याचं पॅराशूट

खाली उतरलेल्या प्रशिक्षकाने आपलं पॅराशूट गोळा करून माझ्या पायाशी टाकलं आणि माझ्याकडे न बघताच तो कॉफी प्यायला गेला. स्कायडायव्हर व्हायला मी या परक्या देशात आले आणि सहा महिने दुसऱ्यांच्या पॅराशूटच्या घड्या घालतेय. आई फोनवर विचारते, "आज उडी मारलीस का गं?" मी सांगते, "आज वारा फार होता." वर जाणारा प्रत्येकजण माझ्या हातांवर जीव सोपवतो आणि माझं नाव एकालाही ठाऊक नाही. आज संतापात त्या प्रशिक्षकाच्या पॅराशूटची घडी वाकडी पडली. मी सगळं उलगडलं आणि पहिल्यापासून नीट घडी घातली. इतका राग येऊनही माझे हात खोटं काम करत नाहीत, याचा राग सगळ्यात जास्त येतो.