कागदावर मेलेले चार बैल

ठाण्याच्या आवारात फिर्यादी बाईचा बैल खाली बसला तो उठेचना, ती सकाळ मला अजून आठवते. मान जमिनीला टेकलेली, डोळ्यांवर माशा आणि शिंगाला लाखेचं सील मारलेली मुद्देमालाची चिठ्ठी. मुद्देमाल सांभाळणारा कारकून दारात उभा राहून दात कोरत होता.

"मेला का हो?" मी विचारलं.

"कागदावर कवाच मेलाय, बाई. आता फकस्त त्याला कळायचं राहिलंय."

त्याच दिवशी नवा तपास अधिकारी यायचा होता. तो यायच्या आत बैल गेला असता, तर बाईचा खटलाही गेला असता.

लातूर जिल्हा तेव्हा नवा झाला होता. कचेऱ्या भाड्याच्या खोल्यांत होत्या, पाट्यांचा रंग वाळायचा होता. दुष्काळ मात्र जुनाच. आमचं ठाणं निलंग्याच्या बाजूला, कर्नाटकच्या शिवेजवळ. गावाचं नाव सांगत नाही, माणसांचीही नाही. मी सातवी शिकलेली. तेव्हा शिपाई होते, पुढं जमादार म्हणून निवृत्त झाले. त्या ठाण्यात बाई मी एकटीच.

प्रकरण असं होतं. एका पुढाऱ्याच्या मेव्हण्यानं गुरांची छावणी घातली. घरी चारा नाही म्हणून लोकांनी आपले बैल तिथं नेऊन बांधले. मग एकेका मालकाला निरोप यायला लागला, की तुमचं जनावर रोगानं मेलं, पुरून टाकलं. सोबत मेल्याचा दाखला. लोक कपाळाला हात लावून परत जात. अशात नाक्यावरच्या चहावाल्यानं खबर दिली, की छावणीतले बैल ट्रकात घालून शिवेपलीकडे नेतात. आम्ही नाकाबंदी केली, ट्रक धरला. आत चार बैल. चौघांच्या मालकांना बोलावलं, त्यांनी आपापला बैल ओळखला. चौघांच्याही हातात मेल्याचे दाखले होते. त्यात एक बाई होती, नवऱ्यामागं स्वतः शेत कसणारी. फिर्याद तिनं दिली.

छावणीवाला म्हणाला, हे बैल मी बाजारातून घेतलेत, ही माणसं खोटं बोलतात. तपास तिथंच थांबला. ठाणेदारांनी त्याला बोलावलं, चहा पाजला आणि सोडलं. कुणाचा जबाब नाही, छावणीचा पंचनामा नाही. जप्त जनावर मालकाला सांभाळायला देता येतं, त्याला सुपूर्दनामा म्हणतात. साहेब म्हणायचे, मालकी ठरली नाही, देता येत नाही. मालकी ठरवायची कुणी? त्यांनीच.

म्हणून बैल आवारात उन्हात बांधलेले राहिले. वैरणीची मंजुरी वरून येणार होती. ती आली नाही, पहिला बैल गेला. स्टेशन डायरीत नोंद झाली, 'मुद्देमालातील एक बैल नैसर्गिकरीत्या मयत'. तेव्हा मला भीती वाटली. पुरावा नाहीसा करायला इथं कुणाला हात हलवायची गरज नव्हती. नुसतं थांबलं की पुरे होतं.

ती बाई रोज घागर घेऊन फाटकाशी यायची. "अक्का, येवढं पाणी तरी पाजू द्या." पहारेकरी सोडायचा नाही. घागर मी घ्यायचे आणि पाजायचे. एकदा साहेबांनी बघितलं.

"बाई, तुम्ही पोलिसात आहात का गोठ्यात?"

"ठाण्याचा गोठा तुम्हीच केलाय, साहेब. शेण तेवढं मी काढते."

त्यानंतर मला पंधरवडाभर नाक्यावर उभं केलं. तिथून सुटले की मी आवारात यायचे आणि आधी बैल मोजायचे.

मालक लोक औरंगाबादला खंडपीठात गेले. इतके महिने तपासात काय केलं, असं कोर्टानं विचारलं. तपास सीआयडीकडं देण्याचा हुकूम झाला. साहेब तो वाचून म्हणाले, "येऊ द्या की त्यांना. तवर बैल राहिले तर." हुकूम नव्हता तेव्हा वाटली नव्हती तेवढी धास्ती मला तो आल्यावर वाटायला लागली. त्या दिवसांत दुसरा बैल गेला.

आणि त्या सकाळी बाईचा बसला. मी फाटक उघडून तिला आत घेतलं. पोटाखालून पोतं घातलं, एका बाजूनं ती, एका बाजूनं मी. बैल हलेना. कारकुनानं काडी फेकली, शिव्या देत आला आणि शेपटीकडून जोर लावला. गुळाचं पाणी पाजलं. बैल उभा राहिला, पण पाय लटलटत होते.

सीआयडीचे अधिकारी नांदेडकडचे, शेतकऱ्याच्या घरातले. आले ते खुर्चीत बसलेच नाहीत. बाईला माझ्याबरोबर आतल्या खोलीत बसवलं आणि छावणीवाल्याला बैलापाशी नेलं. खिडकीतून सगळं ऐकू येत होतं.

"हा तुमचा?"

"माझाच, साहेब."

"शेतात जुंपला?"

"सालभर."

"कोणत्या अंगाला?"

"उजव्या."

मग आत येऊन त्यांनी बाईला तेच विचारलं.

"डाव्या अंगाचा हाय. उजवीला घातला तर जू फेकून देतोय."

पहिल्यांदा जुंपताना बैल जुवाच्या ज्या अंगाला शिकवतात, त्याच अंगाला तो जन्मभर चालतो. बाजारात घेणारा हे पहिलं विचारतो. चोरून विकणाऱ्याला विचारायची गरज पडत नाही.

गावातून दुसरा बैल आणि जू मागवलं, दोन पंच बोलावले. अधिकारी बैलाकडं बघून थांबले आणि मालकिणीकडं वळले. "बाई, झेपेल का ह्याला?"

"न्हाई झेपलं तर मरंल. तसाबी मरूनच राहिलाय."

नुसतं जू, मागं काही नाही. उजवीला घातलं तर त्यानं मान काढून घेतली, मागचं अंग बाहेर फिरवलं आणि गुडघ्यावर आला. मला वाटलं, संपलं. पुन्हा उठवला. डावीला नेला तशी त्यानं आपणहून मान खाली घातली. जू घेऊन चार पावलं चालला.

"उजव्या-डाव्याचं कुणाला ध्यानात ऱ्हातंय, साहेब," छावणीवाला म्हणाला.

म्हातारा पंच हसला. "बायकूचं नाव तरी ध्यानात हाय का, मालक?"

छावणीवाल्याबरोबर छावणीचा रखवालदार आला होता, तो हे बघून फुटला. त्यानं जनावरं पुरल्याच्या म्हणून सांगितलेल्या जागा दाखवल्या. खणल्यावर बहुतेक खड्ड्यांत हाडांऐवजी दगड निघाले.

छावणीवाल्याला शिक्षा झाली, अपिलात कमी झाली. ठाणेदारांची बदली झाली आणि पुढं बढतीही.

तपास आपोआप थांबत नाही, त्याला कुणीतरी थांबवतं, एवढं मी शिकले. कोर्ट तो दुसऱ्याच्या हातात देऊ शकतं. पण हुकूम निघाल्यापासून माणूस येईपर्यंत जे दिवस जातात, त्यांची जबाबदारी कुणाच्याच नावावर नसते. पुढं नोकरीत कुठलाही तपास वर्ग झाल्याचं कळलं, की मी आधी साक्षीदार कुठं आहे आणि मुद्देमाल कशात आहे ते बघून यायचे.

जप्त केलेल्या चार बैलांतले दोन जगले. एक त्या बाईचा, एक शेजारच्या गावातल्या माणसाचा.