मागे राहिलेली किडनी

इन्शिराहची डावी किडनी भावाला द्यायची ठरली, तेव्हा डॉक्टर नाजींनी दोघांना समोर बसवून स्पष्ट सांगितलं होतं. बहीण लहान चणीची. भाऊ दरवाजाएवढा. त्यांचा अंदाज असा होता, की काही वर्षं बरी जातील, मग किडनी दमेल.

"तिला कमी लेखू नका, डॉक्टर," इन्शिराह म्हणाली. "मन्सूराच्या बाजारात बदकांनी भरलेल्या पाट्या मी एकटी उचलते."

भाऊ हसला. त्याचं नाव शहाता, म्हणजे भिकारी. आधीची दोन मुलं गेल्यावर आईनं मुद्दाम ठेवलेलं. मृत्यूनं ढुंकून पाहू नये म्हणून.

किडनी दमली नाही. दोघं दरवर्षी बरोबरच तपासायला येत. सोनोग्राफी नेहमी कवसर मॅडम करत. एक किडनी काढली की मागे राहिलेली वाढते, दोघींचं काम अंगावर घेते. एकदाच वाढते आणि थांबते. यात नवल नव्हतं. पण इन्शिराहच्या कुशीतली आणि शहाताच्या ओटीपोटातली सारख्याच वाढल्या, सारख्याच थांबल्या.

"बोलत असतील एकमेकींशी," कवसर मॅडम म्हणायच्या.

"योगायोग," डॉक्टर नाजी म्हणायचे.

इन्शिराहनं कवसर मॅडमचं धरलं. शहाता फरशा बसवायला लिबियात गेला, तेव्हा ती एकटी येऊ लागली. आपली ठीक म्हणजे त्याची ठीक. अंगानं परकी किडनी नाकारू नये म्हणून रोज घ्यायच्या त्याच्या गोळ्या ती ट्रकवाल्याबरोबर पाठवायची आणि फोनवर दरडावायची. तो तिला अब्ला म्हणायचा, म्हणजे ताई.

"खारवलेला मासा खाल्लास?"

"नाही गं, अब्ला."

"खोटारड्या. इथवर वास येतोय."

या वसंतात ती टेबलावर आडवी झाली. पोटाला थंड चिकट लेप लागला. कवसर मॅडम बोलता बोलता मशीनच्या पडद्याजवळ वाकल्या. त्यांनी पुन्हा मोजलं. पाणी प्यायला लावून, कुशीवर वळवून तिसऱ्यांदा मोजलं.

"काय आहे?"

"काही नाही, हाज्जा." वयाचा मान म्हणून दवाखान्यात सगळे तिला तसंच म्हणत. "वाढलीय."

"ती वाढून झालीय. तेव्हाच."

"हो," कवसर मॅडम म्हणाल्या. त्यांनी पडदा तिच्याकडे वळवला नाही.

डॉक्टर नाजी आले. मोजताना थोडं मागेपुढे होतं म्हणाले. रक्त चांगलं आहे, लघवी चांगली आहे, हाज्जा, घरी जा. इन्शिराहनं ऐकून घेतलं. ती दाराबाहेरच्या बाकावर बसली. किडनी एकदाच वाढते. जोडीदारीण गेली की. आणि आता ती पुन्हा वाढली होती.

तिनं फोन लावला. बराच वेळ वाजला.

"अब्ला," शहाता म्हणाला. आवाज नेहमीचाच होता. "आज कशी आठवण झाली?"

"लघवी होते का?"

तो हसला. "ही काय विचारायची रीत? आधी सलाम तरी कर."

"शहाता."

पलीकडे कुणीतरी फरशी कापत होतं. ते थांबलं.

"कमी होते," तो म्हणाला. "पायात बूट जात नाहीत. गोळ्या रस्त्यातच अडकल्या, दोन महिने झाले. तू रडशील म्हणून बोललो नाही. इथंही कुणाला सांगितलेलं नाही." मग त्यानं हळूच विचारलं, "तुला कुणी सांगितलं?"



"आत्ता दवाखान्यात जा," ती म्हणाली. "हातातलं काम टाक. गाडीत बसलास की फोन कर. मी इथून हलत नाही."

"जातो गं."

फोन बंद झाला. बाकावर शेजारी बसलेली बाई कुणाच्या तरी निकालाची वाट बघत बिया सोलत होती. इन्शिराहनं उजव्या कुशीवर तळवा ठेवला. पाट्या उचलताना दुखायचं तसं काही दुखत नव्हतं. आत सगळं शांत होतं. तिला ती शांतताच नको झाली. आतलीनं जोडीदारणीचा केव्हाच निरोप घेतला होता. जोडीचा हिशेब सोडून ती एकटीनं जगायच्या तयारीला लागली होती.

"अजून नाही," इन्शिराह आतलीला दबक्या आवाजात म्हणाली. "तो गाडीत बसतोय. थांब जरा, निर्लज्जे."

शेजारची बाई बिया घेऊन बाकाच्या दुसऱ्या टोकाला सरकली. इन्शिराहनं तळवा काढला नाही. फोन मांडीवर होता. तो अजून वाजला नव्हता.