केळ्यात दडवलेली नाळ

पुण्याच्या दवाखान्यात शेजारच्या बाईनं पिकलेलं केळं सोललं, आणि त्या वासानं मी नाकाला पदर लावला.

बारा वर्षांपूर्वी सासरी, केनवडला, जावेच्या बाळाची बेंबीची नाळ गळून पडली होती. काळी, वाळलेली, खारकेच्या तुकड्याएवढी. मला मूल होईना, म्हणून सासूबाईंनी ती केळ्यात दडवून माझ्यापुढं धरली.

"गियून टाक वं. दात लागला त गुण येत नाई."

"अन् ओकू नको," जाऊ हसली, "नाईतर पोरगं बाहीर पडन!"

मी डोळे मिटून गिळलं. घशाशी खरखरीत अडकलं, तोंडभर कुजकट वास आला. तरी सासूबाईंच्या पाया पडले.

सातवीत शाळा सुटलेली. मला काय कळणार? इथल्या डॉक्टरीणबाईंनी पहिल्याच दिवशी विचारलं, "मालकांची तपासणी झालीय का?" कोणी कधी केलीच नव्हती. दोष यांच्यात निघाला. बाईंचे उपकार फिटायचे नाहीत. त्यांच्या इलाजानं तिसरा महिना लागलाय, पण टिकेल ना, ही धाकधूक सुटत नाही.

त्या दिवसाची खरी शिसारी मला आता येते. मी गिळल्यावर हेच पुढं आले, "तोंड उघड, पुरी गेली का पाहू दे," म्हणाले, आणि माझ्या जिभेखाली बोट घालून त्यांनी पाहिलं.